म्हाताऱ्या कुत्र्याचीं अकस्मात् येणारीं दुखणीं

मनुष्यानें पाळलेल्या प्राण्यांत कुत्रा हा त्याचा सर्वांत जुना सोबती होय. धर्मराजानें स्वर्गाच्या दारींही आपल्या कुत्र्यास सोडून जाण्याचें नाकारलें, ही महाभारतांतील कथा आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. परंतु ज्या प्राण्याची निष्ठा आपण इतकी वाखाणतों, त्याच्या वार्धक्याविषयीं आपणांस फारच थोडी माहिती असते. कुत्र्याचें आयुष्य सामान्यतः १० ते १५ वर्षांचें. विद्यार्थी पहिलीच्या वर्गांत असतांना घरीं आणलेलें पिलूं तो दहावींत जाईपर्यंत म्हातारें झालेलें असतें. या वयांत त्यास कांहीं दुखणीं अशीं अकस्मात् होतात, कीं तीं पाहून मोठीं माणसेंही गोंधळून जातात. अशा दुखण्यांपैकीं मुख्य कोणतीं, त्यांचीं कारणें काय, व तशा प्रसंगीं आपलें कर्तव्य काय, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम, दिसण्यांत सर्वांत भयंकर असें एक दुखणें घेऊं. समजा, १३ वर्षांचा मोती रात्रीं नित्याप्रमाणें भाकरी खाऊन निजला. सकाळीं उठूं लागला, तों पाय लटपटून एका कुशीवर कोसळला. मान एका बाजूस कललेली आहे. बुबुळें एकसारखीं इकडून तिकडे झटके घेत आहेत. उभें केलें तर तो एकाच बाजूस गोल फिरून पुन्हा पडतो. तोंडास लाळ सुटली आहे व खाल्लेलें अन्न उलटून पडत आहे. घरांत कोणी म्हणतो, अर्धांगवायू झाला; कोणी म्हणतो, विषबाधा; आजी मीठमोहऱ्या घेऊन दृष्ट काढूं लागते; आणि अखेरीस एखादे वडील डोळे पुसून म्हणतात, “आतां याला यातनांतून सोडवलेलें बरें.”

पण हा बहुधा अर्धांगवायू नसतो. दोष मेंदूंत नसून पुष्कळदां कानांत असतो. कानाचें काम केवळ ऐकण्याचें, अशी आपली समजूत असते. परंतु कानाच्या अगदीं आंतल्या भागांत तीन लहान अर्धवर्तुळाकार नलिका असतात व त्यांत द्रव भरलेला असतो. डोकें हाललें कीं त्या द्रवाच्या हालचालीनें सूक्ष्म केसांस धक्का बसतो, आणि शरीर कोणत्या दिशेस वळलें याची वर्दी मेंदूस पोंचते. खेळतांना मुलें गरगर गिरक्या घेऊन थांबलीं, तरी घर फिरतच असल्याचा त्यांस भास होतो; याचें कारण, शरीर थांबलें तरी आंतील द्रव क्षणभर फिरत राहतो. मोतीच्या बाबतींत एका कानाची वर्दी एकाएकीं बिघडल्यामुळें, तो स्थिर असतांही सारें जग फिरत असल्याचें त्याच्या मेंदूस कळत असतें. म्हणून मान वांकडी, म्हणून डोळ्यांचे झटके, आणि बोटींत बसल्यावर जशी मळमळ होते तशी म्हणूनच ही ओकारी.

हें ज्ञान शास्त्रज्ञांनीं क्रमाक्रमानें मिळविलें. फ्लुरांस या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८२० च्या दशकांत कबुतरांवर प्रयोग करून, या नलिकांस इजा झाली असतां पक्ष्याचा तोल जातो असें दाखविलें. १८६१ सालीं पॅरिसचे डॉक्टर मेनिएर यांनीं माणसाच्या भोंवळीचें मूळ कानांत असूं शकतें हें प्रतिपादन केलें. पुढें व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानी यांनीं कानांत ऊन व थंड पाणी सोडून, त्यामुळें डोळ्यांस झटके कसे येतात याचा अभ्यास केला. त्याबद्दल त्यांस १९१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. तें जाहीर झालें तेव्हां ते रशियाच्या कैदेंत युद्धबंदी होते.

म्हाताऱ्या कुत्र्यांत हा विकार पुष्कळदां कोणतेंही कारण न सांपडतां होतो. पहिला एक दिवस फार कठीण जातो. परंतु साधारणतः ७२ तासांच्या आंत उतार दिसूं लागतो, डोळ्यांचे झटके थांबतात, व दोन ते तीन आठवड्यांत कुत्रा पुन्हा बहुतेक पूर्ववत् चालूं लागतो. कधीं मान किंचित् कललेली राहते, पण त्यानें त्याच्या सुखांत उणीव येत नाहीं. ज्या प्राण्यास पहिल्या तासांत आपण मरणाच्या दारीं पोंचलेला मानिलें, तो महिन्याभरांत दारांत शेपूट हालवीत उभा राहतो! तथापि कान पिकणें, मेंदूंतील गांठ किंवा खरोखरच मेंदूचा रक्तप्रवाह खंडित होणें, यांनींही अशींच लक्षणें होतात. त्यांची निवड करणें हें पशुवैद्याचें काम आहे. बुबुळें वरखालीं हालत असतील, पाय लुळे पडले असतील, किंवा कुत्रा गुंगींत असेल, तर दोष मेंदूंत असण्याचा संशय अधिक.

दुसरीं दोन दुखणीं एकमेकांसारखीं भासतात, पण भिन्न आहेत: फेफरें व मूर्च्छा. फेफऱ्यांत शरीर ताठ होतें, पाय पोहल्यासारखे हालतात, जबडा आपटतो, लाळ येते, लघवीही होते. हें बहुधा एकदोन मिनिटें चालतें. पण शुद्धीवर आल्यावरही कुत्रा बराच वेळ भांबावलेला राहतो. मूर्च्छेचें कारण मात्र पुष्कळदां हृदयांत असतें. लहान जातीच्या म्हाताऱ्या कुत्र्यांत हृदयाची झडप झिजणें हें फार आढळतें. असा कुत्रा धांवतांना, आनंदानें उड्या मारतांना किंवा खोकतांना एकदम ढिला होऊन पडतो, व थोड्याच क्षणांत उठून कांहीं झालेंच नाहीं असा चालूं लागतो. पडण्यापूर्वीं तो काय करीत होता व उठल्यावर कसा होता, एवढें नीट सांगितलें तर वैद्याचें निम्में काम होतें. फेफरें म्हातारपणीं प्रथमच आलें असेल, तर त्याच्यामागें दुसरा कांहीं रोग असण्याचा संभव असतो. म्हणून तें एकदांच आलें तरी दुर्लक्ष करूं नये.

आतां ज्यांचें भय थोडें वाटतें पण ज्यांत धोका मोठा, अशा दुखण्यांकडे वळूं. मोठ्या जातीच्या म्हाताऱ्या कुत्र्यांत प्लीहेवर गांठ होऊन ती फुटते व पोटांत रक्तस्राव होतो. येथें झटके नाहींत, लाळ नाहीं. कुत्रा केवळ गळून जाऊन कोपऱ्यांत पडून राहतो, आणि घरचीं माणसें म्हणतात, “वय झालें, आज दमला असेल.” अशा वेळीं ओंठ उचलून हिरडी पाहावी. निरोगी हिरडी गुलाबी असते. बोटानें दाबून सोडली असतां पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी होतो. हिरडी फिकट पांढरी दिसली तर क्षणाचाही विलंब करूं नये. तसेंच खोल छातीच्या मोठ्या कुत्र्याचें पोट नगाऱ्यासारखें फुगलें व तो ओकारीचा प्रयत्न करूनही कांहीं पडत नसलें, तर जठरास पीळ पडला असण्याचा संभव असतो. शस्त्रक्रिया न झाल्यास कांहीं तासांतच प्राण जातो. तात्पर्य, जें भयंकर दिसतें तें नेहमीं घातक नसतें. आणि जें घातक असतें तें नेहमीं भयंकर दिसतेंच असें नाहीं.

अशा प्रसंगीं विद्यार्थ्यांनीं पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. घड्याळ पाहावें, फेफरें पांच मिनिटांहून अधिक चाललें किंवा एकामागून एक आलें, तर तत्काळ दवाखाना गांठावा. तोंडांत हात, चमचा अथवा पाणी घालूं नये. कुत्र्याची जीभ गळ्यांत जात नाहीं, पण आपलीं बोटें मात्र तुटतील. कांदा किंवा जोडा हुंगविण्याची चाल निरर्थक आहे. पायऱ्या व टेबलांचे कोंपरे यांपासून त्यास दूर ठेवावें, दिवे मंद करावे, गलबला थांबवावा. माणसाच्या गोळ्या देऊं नयेत. आयब्युप्रोफेन व पॅरासिटमॉल कुत्र्यास विषासारखीं बाधूं शकतात. हल्लीं घरोघरीं फोन आहे. त्यावर घटनेचा व्हिडिओ घेऊन वैद्यास दाखवावा, कारण दवाखान्यांत पोंचेपर्यंत झटका बहुधा ओसरलेला असतो. कुत्र्यास पिसाळ रोगाची लस टोंचलेली नसेल व त्याचा स्वभाव एकाएकीं पालटला असेल, तर मुलांनीं जवळ जाऊंच नये. कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहतें पाणी यांनीं १५ मिनिटें धुऊन लागलीच डॉक्टरकडे जावें.

संकटापूर्वीं करण्यासारखें एक काम मुलांस सहज जमण्याजोगें आहे. कुत्रा गाढ झोंपला असतां त्याचे श्वास एक मिनिटभर मोजावे व वहींत लिहावे. ते सामान्यतः ३० च्या आंत असतात. हा आंकडा दिवसेंदिवस वाढूं लागला, तर हृदयाच्या विकाराची ती पूर्वसूचना असूं शकते.

पालकांस आमची एक विनंती आहे. दुखण्याच्या पहिल्या घटकेस, भीतीच्या भरांत, कुत्र्याच्या मरणाचा निर्णय घेऊं नये. आपल्याकडे मुंबईस परळ येथें १८८६ सालापासून पशुवैद्यकाचें शिक्षण दिलें जात आहे, व आज तालुक्याच्या गांवींही पशुवैद्यकीय दवाखाना असतो. त्याचा उपयोग करावा. वैद्यानें तपासून, आशा नाहीं व यातना मात्र आहेत असें सांगितलें, तर त्यास शांतपणें निरोप देणें हीही दयाच होय, आणि तें मुलांपासून लपवूं नये. परंतु तो निर्णय ज्ञानानें व्हावा, घाबरून नव्हे. दहा वर्षें ज्यानें रात्रीं आपलें दार राखिलें, त्याच्या उशाशीं बसून तीन दिवस वाट पाहणें, वाटीनें पाणी पाजणें व कूस बदलून देणें, एवढें ऋण तरी आपण त्याचें लागतों.