तुफानापूर्वीचा वेळ

वाचावयाचे भाग: मत्तय ७:२४–२७, नीतिसूत्रे २२:३, लूक १३:१–५.

प्रभूच्या दृष्टांतातील दोन्ही घरांवर पाऊस, पूर व वारा ही सारखीच आली. भेद होता तो पायाचा. आणि पाया हा आभाळ निरभ्र असतानाच घालावा लागतो. ह्याचे एक उदाहरण पाहू.

अमेरिकेतील टेक्सास प्रांताच्या किनाऱ्यालगत, वाळूच्या बेटावर गॅल्व्हेस्टन हे शहर आहे. इ. स. १९०० मध्ये तेथे सुमारे ३८,००० लोक राहत होते. बेटाची सर्वांत उंच जागा समुद्रापासून ९ फूटही नव्हती. त्याच किनाऱ्यावरील इंडियनोला बंदर १८७५ व १८८६ सालच्या तुफानांनी उद्ध्वस्त झाले, तेव्हा येथेही समुद्रास बांध घालण्याची बोलणी झाली. परंतु बांध झाला नाही. १८९१ मध्ये तेथील हवामान-अधिकारी आयझॅक क्लाइन ह्यांनी, ही भीती निराधार आहे, असे वर्तमानपत्रात लिहिले.

८ सप्टेंबर १९०० रोजी सकाळी लाटा रस्त्यांवर येऊ लागल्या, तेव्हा पुष्कळ लोक मौज म्हणून त्या पाहावयास गेले. रात्रीपर्यंत पाणी १५ फुटांवर चढले. वाऱ्याहून पाण्यानेच अधिक संहार केला. एक घनफूट पाण्याचे वजन ६० पौंडांहून अधिक असते. मग समुद्रच धावून आल्यावर लाकडी घरे कशी टिकणार? मोडलेल्या घरांच्या तुळया पुढील घरांवर आदळून तीही पाडीत गेल्या. निदान ६,००० माणसे मेली. त्यांत क्लाइन ह्यांची पत्नीही होती.

मेलेले लोक इतरांहून अधिक पापी होते काय? असा न्याय करण्यास प्रभूने मनाई केली आहे. एका अनाथालयातील ९० मुले व त्यांना सांभाळणाऱ्या १० धर्मभगिनी त्या रात्री बुडाल्या. त्यांस कोण दोष देईल?

वाचलेल्यांनी १९०२ ते १९०४ ह्या काळात १७ फूट उंच भिंत बांधिली व पुढे शहराची जमीनही भर घालून उंच केली. १९१५ मध्ये तसेच भयंकर तुफान आले, तेव्हा शहरात फार थोडी माणसे दगावली.

बंधुभगिनींनो, सूचना मिळाली असता “देव राखील” म्हणून स्वस्थ बसणे हा विश्वास नव्हे; ती सूचना हीच त्याची राखण होय. पश्चात्तापाचेही तसेच आहे. लाट उंबऱ्याशी आल्यावर पाया खणता येत नाही.

मंडळीत विचारावयाचे प्रश्न:
१. दोन्ही घरांवर सारखेच काय आले, व भेद कशात होता?
२. संकटात सापडलेल्या शेजाऱ्यास पापी ठरविणे चूक का?
३. आपल्या गावी कोणती सूचना आपण ऐकून सोडून दिली आहे?