बॅटरीवरची होडी आपल्या दर्यात चालेल का? वही-पेन घेऊन करायचा हिशेब



१ जून ते ३१ जुलै, बंदीचे दोन महिने. ट्रॉलर जेटीला, जाळी दुरुस्तीला, इंजिनं खोललेली. नवीन काही घ्यायचं, कर्ज काढायचं, याचा विचार घरात याच दिवसांत होतो. आणि हल्ली मोबाईलवर रोज एक तरी व्हिडिओ येतो: बॅटरीवर चालणारी होडी, सूर्यावर चालणारी होडी, "तेलाचा खर्च शून्य".

हे खोटं आहे का? नाही. सगळ्यांसाठी खरं आहे का? तेही नाही. कोणासाठी खरं आणि कोणासाठी नाही, हे ठरवायला इंजिनियर लागत नाही. तीन आकडे लक्षात ठेवले की पुरे.

पहिला धडा: तीन आकडे

१) १ लिटर डिझेलपासून चांगल्या इंजिनाच्या शाफ्टवर साधारण ३ युनिट काम मिळतं. (युनिट म्हणजे आपल्या वीजबिलातलंच.) बाकीचं तेल उष्णता होऊन धुरात आणि पाण्यात जातं.

२) छोट्या पेट्रोल आऊटबोर्डमध्ये १ लिटरला साधारण २ युनिट काम मिळतं.

३) बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते, आणि मोटरमध्येही थोडी वीज वाया जाते. हे सगळं धरून, मोटरकडून मिळणाऱ्या १ युनिट कामामागे साधारण १२ किलो लिथियम बॅटरी धरा.

म्हणजे १ लिटर डिझेल, वजन एक किलोच्या आत, त्याच्या जागी ३६ किलो बॅटरी. सगळं गणित इथेच आहे.

दुसरा धडा: आपापल्या होडीचा हिशेब

छोटी होडी. समजा तुम्ही खाडीत किंवा किनाऱ्याजवळ जाळी टाकता. रोजचं पेट्रोल ४ लिटर, वारा तोंडावर आणि ओहोटी उलट असेल त्या दिवशी ५ लिटर. बॅटरी नेहमी वाईट दिवसाच्या मापाची घ्यायची, सरासरी दिवसाच्या नाही. ५ लिटर × २ = १० युनिट. म्हणजे १२० किलो बॅटरी, दोन माणसांचं वजन. होडीला हे झेपतं. रात्री घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर पाच-सहा तासांत चार्ज होते. मात्र होडी लागते तिथून सॉकेट किती लांब, हे आधी बघा. १२० किलो कोणी रोज खांद्यावर नेणार नाही.

पैशांचं काय? समजा पेट्रोल १०० रुपये लिटर आणि वीज ७ रुपये युनिट. रोजचं ४०० रुपयांचं पेट्रोल वाचलं आणि ७० रुपयांची वीज लागली. ३३० रुपये शिल्लक. वर्षात २०० दिवस धंदा झाला तर ६६ हजार. नव्या पेट्रोल इंजिनापेक्षा बॅटरी-मोटर ३ लाखांनी महाग पडली, तर जास्तीचे पैसे फिटायला साडेचार वर्षं, कर्जाचं व्याज वेगळं. तुमचे खरे आकडे टाकून हेच करून बघा. दोन वर्षांत फिटत असेल तर विचार करा. दहा वर्षं लागत असतील तर सोडून द्या.

एक दिवसाची डिझेल बोट. समजा सकाळी जाऊन संध्याकाळी येते, १०० लिटर लागतं. १०० × ३ = ३०० युनिट. म्हणजे ३.६ टन बॅटरी. मग बर्फ कुठे आणि मासे कुठे?

ट्रॉलर. समजा एका फेरीत १००० लिटर. ३००० युनिट, ३६ टन बॅटरी. आणि ६० किलोवॅटचा मोठा चार्जर लावला तरी भरायला दोन दिवसांपेक्षा जास्त. जाळं ओढताना इंजिनाला तासन्‌तास विश्रांती नसते, त्यामुळे इथे काटकसरीलाही जागा कमी. आजच्या बॅटरीवर ट्रॉलर चालणार नाही. कोणी चालतो म्हणून आगाऊ रक्कम मागितली, तर हा कागद पुढे ठेवा.

तिसरा धडा: जिथे चाललं, तिथे का चाललं?

केरळमध्ये वैक्कम ते तवणक्कडवू 'आदित्य' नावाची ७५ प्रवाशांची सौर फेरीबोट जानेवारी २०१७ पासून चालते. पण बघा: वेंबनाडचं शांत पाणी, जेमतेम अडीच किलोमीटरची ठरलेली वाट, मोठं सपाट छप्पर आणि धक्क्यावर चार्जिंग. मासा काही ठरलेल्या वाटेवर मिळत नाही.

नॉर्वेत २०१५ साली 'अँपिअर' ही बॅटरीवरची गाड्या नेणारी फेरीबोट सुरू झाली. तिथल्या छोट्या गावांच्या वीजवाहिनीला एवढा भार झेपेना, म्हणून दोन्ही किनाऱ्यांवर वेगळ्या बॅटऱ्या बसवाव्या लागल्या. आपल्या जेटीवरच्या विजेचा विचार यावरून करा.

त्याच वर्षी, तिथेच, 'कारोलीन' ही सुमारे ११ मीटरची मासेमारी बोट आली. मासे पकडताना बॅटरी आणि लांब जाण्या-येण्याला डिझेल. पैसेवाल्या देशातही त्यांनी डिझेल काढून टाकलं नाही, जोडीला ठेवलं. मधल्या आकाराच्या बोटींसाठी हीच वाट जवळची दिसते.

चौथा धडा: सूर्य किती देतो?

१ किलोवॅटचं पॅनल पन्नासेक चौरस फूट जागा घेतं आणि चांगल्या उन्हात दिवसाला साधारण ४ युनिट देतं. म्हणजे दीड-दोन लिटर पेट्रोलचं काम. होडी पळवायला ते पुरत नाही. पण केबिनच्या छपरावर एक-दोन पॅनल लावली तर दिवे, जीपीएस, फिश फाइंडर, वायरलेस आणि मोबाईल चार्जिंगसाठी इंजिन चालू ठेवावं लागत नाही. हे आजच परवडतं, ट्रॉलरलासुद्धा.

आणखी एक उपाय फुकटचा आहे. पाणी कापत जाणाऱ्या जड होडीचा वेग दुप्पट करायला ताकद साधारण आठपट लागते. म्हणून वेग १० टक्क्यांनी कमी केला तर तेवढंच अंतर कापायला जवळपास २० टक्के तेल कमी लागतं. त्यासाठी काहीच विकत घ्यायला नको.

विकणाऱ्याला विचारायचे पाच प्रश्न

१) खाऱ्या पाण्यात आणि धंद्याच्या वापरात वॉरंटी आहे का? लेखी द्या.
२) माल भरून, वाऱ्याच्या तोंडावर किती तास? रिकाम्या होडीचा आकडा नको.
३) मोटर बंद पडली तर दुरुस्तीला माणूस कुठून येणार, किती दिवसांत?
४) पाच वर्षांनी बॅटरीत किती जोर उरेल, आणि नवीन केवढ्याला?
५) दर्यात बॅटरी संपली तर परत कसं यायचं? (याला "संपणार नाही" हे उत्तर नव्हे. जुनं आऊटबोर्ड जोडीला ठेवता येतं का, ते विचारा.)

नव्याला घाबरायचं कारण नाही. उपग्रहावरून मासा कुठे असेल ते कळेल, असं आपल्या आजोबांना सांगितलं असतं तर ते हसले असते. आज हैदराबादची इन्कॉइस संस्था समुद्राचं तापमान आणि हरितद्रव्य बघून संभाव्य मासेमारी क्षेत्राची सूचना मोबाईलवर देते, आणि आपण ती वापरतो. ते रुजलं, कारण त्यासाठी होडी बदलावी लागली नाही आणि घर गहाण पडलं नाही. बॅटरीलाही हीच फूटपट्टी लावा.

पुढचे पंधरा दिवस प्रत्येक फेरीचं तेल, तास आणि वारा वहीत लिहा. होडी बंदीत किनाऱ्याला असेल तर हंगाम सुरू झाल्यावर लिहा. घरात हिशेब ताई-वहिनी ठेवत असतील तर हा कागद त्यांच्या हातात द्या. वही घेऊन सोसायटीत या, एकत्र बसून गणित मांडू. सही त्यानंतर.

दर्या सगळ्यांना सुखरूप घरी आणो.