दहा जादा वह्या आणि कारखान्यातील भरती-ओहोटी

अमेरिकेतील केंटकी राज्यात जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे घरगुती उपकरणांचे कारखाने होते. १९५० नंतरच्या दशकात तेथील व्यवस्थापकांना एका कोड्याने सतावले होते. कधी कारखाने तीन-चार पाळ्यांत चालवावे लागत, तर काही वर्षांनी निम्म्या कामगारांना घरी बसवावे लागे. बाजारातील तेजी-मंदीला दोष देऊन मोकळे होता आले असते. पण तेवढ्याने समाधान होईना.

हे कोडे जे फॉरेस्टर यांच्यापुढे आले. ते मूळचे विद्युत अभियंते. 'व्हर्लविंड' हा संगणक त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाला होता. १९५६ मध्ये ते मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये व्यवस्थापनशास्त्राचे प्राध्यापक झाले. साठा, मागण्या आणि कामगारभरती यांचे नियम विचारून घेऊन त्यांनी आठवड्यामागून आठवड्याचा हिशेब मांडला, आणि तोही संगणकावर नव्हे, तर साध्या वहीत, पेन्सिलीने! तसाच एक सोपा हिशेब आपणही मांडू या.

वह्यांचा हिशेब

समजा, एका गावात दर आठवड्याला १०० वह्या खपतात. दुकानदार त्या घाऊक व्यापाऱ्याकडून आणतो व व्यापारी कारखान्यातून. तिघांचाही नियम एकच आहे. शनिवारी संध्याकाळी शिल्लक मोजायची. या आठवड्यात जितक्या वह्या गेल्या तितक्या पुढील आठवड्यासाठी, शिवाय अडीअडचणीला ५०, एवढा साठा सोमवारी हाताशी असावा अशा बेताने मागणी नोंदवायची. म्हणजे दर सोमवारी प्रत्येकाकडे १५० वह्या असतात. दुकानदाराची मागणी व्यापारी त्याच संध्याकाळी आपल्या साठ्यातून पुरी करतो व मग स्वतःची मागणी कारखान्याला कळवतो, असे धरू.

आता एका आठवड्यात १०० ऐवजी ११० वह्या खपल्या आणि पुढेही खप ११० वरच स्थिर राहिला. दुकानदाराकडे ४० वह्या उरल्या. त्याला सोमवारी ११० + ५० = १६० हव्यात; म्हणून तो १२० मागवतो. व्यापाऱ्याच्या १५० मधून १२० गेल्या, ३० उरल्या. त्याला १७० हव्यात. तो १४० मागवतो. कारखान्याकडे १० उरल्या आणि हव्यात १९०. म्हणून तेथे १८० वह्या तयार होतात. पुढील आठवड्यांचा हिशेब असा येतो:

पहिला आठवडा: खप ११०, दुकानदाराची मागणी १२०, व्यापाऱ्याची मागणी १४०, उत्पादन १८०
दुसरा आठवडा: खप ११०, दुकानदार ११०, व्यापारी १००, उत्पादन ६०
तिसरा आठवडा: खप ११०, दुकानदार ११०, व्यापारी ११०, उत्पादन १२०
चौथा आठवडा: सर्वत्र ११०

खप शेकडा १० ने वाढला. पण उत्पादन शेकडा ८० ने वाढले आणि लगेच एक-तृतीयांशावर आले. पहिल्या आठवड्यात कामगारांना जादा पाळी, तर दुसऱ्या आठवड्यात काम नाही! विशेष म्हणजे यात कोणीही निष्काळजीपणा केला नाही. प्रत्येकाने आपला नियम चोख पाळला.

चूक कोठे झाली?

दुकानदाराच्या १२० वह्यांपैकी १० केवळ साठा वाढवण्यासाठी होत्या व त्या एकदाच लागणार होत्या. व्यापाऱ्याने मात्र त्या कायमच्या समजल्या. त्याच्यापर्यंत पोहोचली ती मागणी. खप पोहोचलाच नाही. हीच चूक पुढे कारखान्यात वाढली. त्यात प्रत्यक्ष व्यवहारात माल यायला उशीर लागतो. गीझरचे पाणी उशिरा गरम येते म्हणून आपण नळ जास्त फिरवतो व मग हात भाजतो, तसेच येथे घडते. फॉरेस्टर यांनी दाखवले, की बाहेरची मागणी स्थिर असतानाही केवळ अशा नियमांमुळे चढउतार होऊ शकतात. १९६१ मध्ये त्यांनी हे विचार 'इंडस्ट्रियल डायनॅमिक्स' या ग्रंथात मांडले.

त्याच संस्थेत या विषयावर एक खेळ तयार झाला. खेळात ग्राहकांची मागणी आठवड्याला ४ खोकी असते व पाचव्या आठवड्यापासून ८ होते. पुढे ती बदलत नाही. जॉन स्टरमन यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खेळाडूंच्या गटांचा सरासरी खर्च शक्य तितक्या कमी खर्चाच्या सुमारे दहापट आला. आपण नव्हे, ग्राहकच लहरी, असेच बहुतेकांना वाटते!

बैल हाकताना मुठीपाशी मनगट जरासे हलते, पण आसुडाचे टोक केवढा झोका घेते! म्हणून या घटनेला 'आसूड-परिणाम' म्हणता येईल. लहान मुलांच्या लंगोटांचा खप जवळजवळ स्थिर असतो. तरीही प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीला त्यांच्या मागण्यांत मोठे चढउतार आढळले. १९९७ मध्ये हाऊ ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी याची आणखी कारणे मांडली: मागण्या साठवून एकदम पाठवणे, सवलतीच्या काळात जादा खरेदी करणे, आणि टंचाईच्या भीतीने गरजेपेक्षा अधिक मागणी नोंदवणे.

माहितीचे मोल

आता समजा, दुकानातील खरा खप तिघांनाही कळतो आणि तिघेही ११० + ५० हाच साठा ठेवतात. मग व्यापारी १३० मागवतो, उत्पादन १४० होते व दुसऱ्याच आठवड्यात ११० वर स्थिरावते. ६० ची ओहोटी येतच नाही. १९७४ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या एका दुकानात पट्ट्यांची सांकेतिक खूण, म्हणजे बारकोड, वाचून प्रथमच विक्री झाली. तेव्हापासून खप क्षणोक्षणी नोंदवणे सोपे होत गेले. मात्र यंत्र असून भागत नाही. नोंद खरी हवी आणि ती साखळीतील सर्वांना दिसायला हवी. ती दडवली, तर वेगवान संगणक चुकीची मागणी अधिक वेगाने पुढे पाठवील, इतकेच.

करून पाहा: अडीअडचणीचा साठा १०० धरा आणि व्यापारी व कारखाना यांच्यामध्ये आणखी एक वितरक घाला. पहिल्या आठवड्यात उत्पादन किती होईल? दुसऱ्या आठवड्यात कारखान्याला काही काम उरेल का?