ओला कोबा : थापी केव्हा फिरवावी?

काँक्रीट म्हटले की आमच्या जोयडा तालुक्यात प्रथम आठवते ते गणेशगुडीचे सुपा धरण. काळी नदीवरची ही १०१ मीटर उंचीची भिंत. जुने सुपा गाव तिच्या जलाशयात गेले. अशा धरणात काँक्रीट थराथराने चढते व दोन थरांमधला पृष्ठभाग मुद्दाम खरखरीत करतात. वर आलेली सिमेंटची साय झोताने काढली, तरच पुढचा थर खालच्याला धरतो. अंगणातल्या कोब्यावर पुढचा थर नसतो. वरचे दोन-चार मिलिमीटरच सारी झीज सोसतात.

काँक्रीट टाकल्यावर सरळ फळी करवतीसारखी मागेपुढे हलवीत ओढावी आणि लगेच लाकडी रंधा एकदा फिरवावा. मग हात आवरावा. घाई होते ती येथेच. त्याचा सारा दोष मी गवंड्याला देणार नाही, त्यालाही सूर्यास्तापूर्वी घर गाठायचे असते.

थोड्या वेळाने पृष्ठभागावर पाणी चकाकू लागते. सिमेंट, रेती व खडी जड म्हणून खाली बसतात, पाणी वर येते. त्या पाण्यावरच थापी फिरवली तर ते वरच्या थरात कोंडते. तो थर कच्चा राहतो, पुढे भुकटी निघते, पापुद्रे सुटतात. पाणी टिपण्यासाठी कोरडे सिमेंट भुरभुरणे हा आपल्याकडचा लाडका उपाय. माझ्या मते त्याइतका वाईट दुसरा नाही.

किती थांबावे हे घड्याळ सांगत नाही. एप्रिलच्या उन्हात थोडे, डिसेंबरच्या सकाळी पुष्कळ. चकाकी गेली आणि पाय ठेवल्यास ठसा सुमारे ६ मिलिमीटरच उमटला, की रंधा पुन्हा घ्यावा. घरातल्या जमिनीला त्यानंतर पोलादी थापी दोन-तीनदा, दर वेळी जरा अधिक कलती धरून. अंगणाला मात्र आरशासारखी घोटाई नको. आमच्या पावसात त्यावर शेवाळ धरते आणि घरातली म्हातारी माणसे घसरतात. तेथे रंध्यानंतर ओला झाडू उताराच्या दिशेने एकदा ओढला की पुरे.

१०० मिलिमीटर जाडीच्या अंगणाला सुमारे ३ मीटरवर, चतुर्थांश जाडीइतकी खोल चीर द्यावी. तडा मग तिथेच जातो.

भारतीय मानक ४५६ (२०००) प्रमाणे साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, पोत्यावर पीपीसी छापले असेल तर १० दिवस, सतत ओलावा हवा. गोणपाट नसेल तर भाताचे गवत पसरून भिजवीत राहावे. गुरे तेवढी लांब बांधावीत.