शिकायचं, आणि वर पैसेही?

प्रश्न : मी अर्थशास्त्रात एम.ए. केलं आहे आणि सध्या सिल्वासाच्या एका कारखान्यात हिशेबाचं काम करते. आरोग्याच्या अर्थशास्त्रात पीएचडी केली तर दरमहा पैसे मिळतात, असं मैत्रीण म्हणते. घरी कुणाचा विश्वास बसत नाही. शिकायचे पैसे आपण भरायचे की आपल्याला मिळायचे? कोण देतं आणि का देतं? डॉक्टर नसलेल्या मुलीला हे जमेल का?
– एक वाचक, गलोंडा (सिल्वासा)

उत्तर : मैत्रीण खरं बोलली. फक्त ते पैसे शिकण्याचे नसतात, कामाचे असतात. एम.ए.पर्यंत आपण दुसऱ्यांनी शोधून ठेवलेलं वाचतो. पीएचडीत आजवर कुणाकडे नसलेलं उत्तर शोधून आणायचं असतं, आणि ज्याला ते हवं असतं तो खर्च सोसतो. कधी सरकार, कधी विद्यापीठ, कधी एखादं प्रतिष्ठान.

कसलं उत्तर, हे समजायला तुम्हाला लांब जावं लागणार नाही. कुष्ठरोगाचंच बघा. दहा हजार लोकांमागे एकापेक्षा कमी रुग्ण ही पातळी देशाने डिसेंबर 2005 मध्ये गाठली. तुमची दादरा-नगर हवेली मात्र त्यानंतरही कित्येक वर्षं त्या रेषेच्या वरच राहिली. म्हणूनच 2015 मध्ये एका आंतरराष्ट्रीय प्रयोगासाठी भारतातून तुमचा भाग निवडला गेला. ब्राझील, इंडोनेशिया, म्यानमार, नेपाळ, श्रीलंका आणि टांझानिया हे इतर देश. अर्थसाहाय्य नोव्हार्टिस फाउंडेशनचं. नवा रुग्ण सापडला की त्याच्या घरच्यांना आणि शेजाऱ्यांना तपासायचं, आणि ज्यांना रोग नाही त्यांना रिफॅम्पिसिन या औषधाचा एकच डोस द्यायचा. बांगलादेशातल्या आधीच्या मोठ्या चाचणीत अशा डोसमुळे पहिल्या दोन वर्षांत रोग होण्याचं प्रमाण 57 टक्क्यांनी घटलेलं दिसलं होतं.

डोस लागू पडतो की नाही, हे डॉक्टर सांगतील. अर्थशास्त्राचं काम तिथून पुढे सुरू होतं. औषध स्वस्त असतं हो, पण पाड्यापाड्यावर जाऊन माणसं शोधणं, त्यांना राजी करणं, तपासणं, नोंदी ठेवणं, याला कर्मचाऱ्यांचे दिवस लागतात, गाडी लागते. तेवढ्या पैशात त्याहून जास्त लोकांचं भलं दुसऱ्या कशाने झालं असतं का? हे मोजण्यासाठी आजाराने आणि अपंगत्वाने वाया जाणारी निरोगी वर्षं हे माप वापरतात. असं एक वर्ष वाचवायला किती रुपये पडले, ते काढायचं. अनुज तिवारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकी हीच आकडेमोड दादरा-नगर हवेलीसाठी केली आणि 2020 मध्ये प्रसिद्ध केली. रॉटरडॅमच्या इरास्मस विद्यापीठाचं वैद्यकीय केंद्र त्यात होतं. पुढच्या 25 वर्षांचा हिशेब मांडून त्यांनी दाखवलं की हा डोस खर्चाच्या मानाने परवडणारा आहे.

मला मात्र त्यांचं त्याआधीचं काम जास्त भावतं. 2016 च्या मे ते ऑक्टोबरमध्ये दादरा-नगर हवेली आणि शेजारचा उंबरगाव तालुका इथल्या कुष्ठरुग्णांच्या घरी जाऊन त्यांनी विचारलं, दवाखान्याच्या एका फेरीला तुम्हाला काय खर्च येतो? कुष्ठरोगाचं औषध जगभर फुकट मिळतं, 1995 पासून. तरीही घरचे पैसे जातातच. दोन्ही ठिकाणी थेट खर्चापेक्षा बुडालेल्या रोजंदारीसारखा अप्रत्यक्ष खर्च जास्त निघाला. खासगी दवाखाना सरकारीपेक्षा महाग पडला. आजीला दवाखान्यात न्यायचं म्हणजे घरातल्या कुणाची तरी एक दिवसाची हजेरी बुडते, हे तुमच्या गावात कोणीही सांगेल. पण सरकारी बैठकीत तेच मांडायचं झालं तर हातात आकडा लागतो.

महाराष्ट्रात ही वाट जुनी आहे. डॉ. नोशीर अंतिया यांनी स्थापन केलेल्या फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ या संस्थेसाठी रवी दुग्गल आणि सुचेता अमीन यांनी जळगाव जिल्ह्यात घरोघर औषधपाण्याचा खर्च विचारला. तो अहवाल 1989 मध्ये आला. सरकार आरोग्यावर जेवढं खर्च करतं, त्याहून कितीतरी जास्त लोक स्वतःच्या खिशातून घालतात, हे त्यातून उघड झालं. आज केंद्र सरकारचे आरोग्य लेखे सांगतात की देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला हा खिशातला वाटा 2013-14 मध्ये 64.2 टक्के होता आणि 2021-22 मध्ये 39.4 टक्क्यांवर आला. घट खरोखर एवढी झाली का, यावर अर्थतज्ज्ञांत जोरदार भांडण आहे. पीएचडीला विषय शोधणाऱ्याने असल्या भांडणाजवळच उभं राहावं.

आता पैशांचं. सरळ मार्ग नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा. त्यात कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती, म्हणजे जेआरएफ, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37 हजार, पुढे 42 हजार रुपये, आणि वर घरभाडं. हे दर जानेवारी 2023 पासूनचे. तुम्ही अर्थशास्त्र हाच विषय घेऊन बसा. डॉक्टर असण्याची गरज नाही, एम.ए.ला 55 टक्के हवेत, राखीव प्रवर्गाला 50. तुम्ही अनुसूचित जमातीच्या असाल तर केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाची वेगळी राष्ट्रीय शिष्यवृत्ती आहे, वर्षाला 750 जणांना, आणि परदेशी जाणाऱ्या 20 जणांसाठी आणखी एक. पैसे दर महिन्याच्या पहिल्या तारखेला खात्यात पडतील, असं मात्र धरून चालू नका. शिष्यवृत्ती रखडण्याच्या तक्रारी विद्यार्थी दरवर्षी करतात. चार-सहा महिन्यांची शिल्लक गाठीशी असू द्या.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण तुमच्याकडच्या मराठी मुलांची तिथे फसगत होते. बार्टी, सारथी, महाज्योती या महाराष्ट्र सरकारच्या संस्थांच्या जाहिराती मराठी वर्तमानपत्रांत येतात, पण त्या शिष्यवृत्त्या महाराष्ट्राच्या अधिवासींसाठी असतात. मराठी बोलणं हा अधिवास नव्हे. तुमचा दाखला दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव या केंद्रशासित प्रदेशाचा. तेव्हा तुमच्या कामाच्या त्या केंद्राच्या योजना.

कुठे जायचं? वापीहून गाडीत बसलात की मुंबई. देवनारला 1956 पासूनची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण तीच पार पाडते. जवळच टाटा सामाजिक विज्ञान संस्था. पुण्याला 1930 ची गोखले संस्था. आणखी पुढे जायची तयारी असेल तर चंदीगडची पीजीआय आणि तिरुवनंतपुरमचं अच्युत मेनन केंद्र, दोन्हीकडे या विषयातलं काम चांगलं चालतं.

परदेशाबद्दल थोडक्यात. नेदरलँड्समध्ये आणि उत्तर युरोपात पीएचडी ही बहुतेक वेळा चक्क नोकरी असते. जागा निघते, अर्ज करायचा, मुलाखत, पगार. अमेरिकेत विद्यापीठ फी माफ करून भत्ता देतं आणि बदल्यात शिकवायला किंवा प्राध्यापकाच्या प्रकल्पात राबायला लावतं. पण तिथली एमपीएच ही पदव्युत्तर पदवी बहुतेकांना स्वतःच्या पैशाने करावी लागते. कर्ज काढून ती करायची आणि मग पीएचडीचं बघू, असा सल्ला कोणी दिला तर तो देणारा दलाल आहे का, ते आधी पाहा. 'हमखास पीएचडी' विकणाऱ्याला एक रुपया देऊ नका.

घरच्यांना पटवायचं असेल तर आधी स्वतःला तपासून घ्या. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 75 व्या फेरीत, 2017-18 मध्ये, देशभरातल्या घरांना आजारपणाच्या खर्चाबद्दल विचारलं होतं. त्या फेरीची घरनिहाय माहिती सरकार फुकट देतं. ती उतरवून घ्या आणि हिशेबाची सवय आहेच तर रविवारी तिच्याशी झटापट करा. तीन महिन्यांनंतरही कंटाळा आला नसेल तर अर्ज भरा. एखाद्या संशोधन प्रकल्पात घरोघर फिरून माहिती गोळा करायचं काम मिळालं तर तेही सोडू नका. वारली किंवा कोकणा बोलता येत असेल तर अर्जात पहिल्या पानावर लिहा. देवनारच्या हुशार मुलालाही पाड्यावरच्या आजीशी बोलायला दुभाषी लागतो.

तुमचं वय तुम्ही लिहिलेलं नाही. जेआरएफला 30 वर्षांची मर्यादा आहे, महिलांना त्यात पाच वर्षांची सूट मिळते. नेटची परीक्षा साधारण जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये होते आणि अर्ज त्याच्या महिना-दोन महिने आधी सुटतात, तेव्हा गुणपत्रिका, आणि लागणार असेल तर जातीचा दाखलाही, आत्ताच काढून ठेवा.