न मागितलेल्या कार्डाचे बिल

प्रश्न : मी डोंबिवलीत राहते. बँकेने न विचारता क्रेडिट कार्ड पाठवले. मी ते वापरलेच नाही, तरी वार्षिक शुल्काचे बिल आले. आता वसुलीवाले रात्री नऊला फोन करतात, सासूबाईंनाही धमकावतात. पैसे भरून मोकळी होऊ का?

उत्तर : ताई, एक रुपयाही भरू नका. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार संमतीशिवाय कार्ड देता येत नाही. असे कार्ड देऊन बिल लावले, तर बँकेने शुल्क रद्द करून त्याच्या दुप्पट रक्कम दंड म्हणून ग्राहकाला द्यायची असते. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाहीत. घरच्यांना त्रास देण्यासही मनाई आहे.

आजच बँकेला लेखी तक्रार करा. शाखेत दिलीत तर पोच घ्या. फोनच्या वेळा व नंबर टिपून ठेवा. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा. ती विनामूल्य असते. मदतीसाठी 14448 वर फोन करा. ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. धमक्या थांबल्या नाहीत, तर पोलीस ठाण्यात जा. घाबरून भरलेले पैसे परत मिळवणे कठीण जाते. म्हणून आधी तक्रार करा.