हिमांतील वाट व वनचर

अमेरिकेंतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान १८७२ सालीं स्थापन झालें. हिंवाळ्यांत तेथील बहुतेक रस्ते मोटारींस बंद असतात. मात्र गार्डिनर ते कुक सिटी हा मार्ग बर्फ दूर सारून चालू ठेवितात. वाटेवरील लामार खोऱ्यांत बायसन नांवाचे गवे मस्तकानें बर्फ उकरून खालचें वाळलें गवत खातांना दिसतात. १९९५ पासून पुन्हा वसविलेले लांडगेही आढळतात.

मुलांनो, त्यांच्या समीप जाऊं नये. कारण चारा निकस असल्यानें गवे उन्हाळ्यांत सांठविलेल्या चरबीवर तग धरितात. भिऊन खोल बर्फांतून पळावें लागल्यास ती शिदोरी व्यर्थ सरते, व वसंतापूर्वींच मृत्यु गांठूं शकतो. यास्तव गव्यापासून निदान २३ व लांडग्यापासून ९१ मीटर दूर राहावें, असा तेथील नियम आहे. दुरून पाहणें हीच तेथें भूतदया होय.